लॅपटॉपमधलं गाव

त्या फिर्यादीची आठवण निघाली की आजही डोळ्यांसमोर एक गाव येतं. मी तिथे कधी गेलो नव्हतो, आणि जाण्यासारखं ते उरलंही नव्हतं.

तेव्हा मी लातूरला निरीक्षक होतो. शिकवण्यांचे दिवस भरात होते. किनवट, धर्माबाद, कुठकुठली मुलं आमच्या हद्दीत खोल्या करून राहत. एका दुपारी चित्रकलेच्या एक शिक्षिका लॅपटॉप छातीशी धरून ठाण्यात आल्या. भूकंपात त्यांचं गाव गेलं, आई गेली. तेव्हा त्या शाळकरी होत्या. मोठेपणी त्यांनी ते गाव लॅपटॉपवर पुन्हा उभारायला घेतलं. बाणाचं बटण दाबत गेलं की त्याच्या गल्ल्यांतून चालता येई. गाव वाढलं तसा लॅपटॉप अडखळू लागला. शिकवण्यांच्या रस्त्यावरचा दुकानदार म्हणाला, "ग्राफिक्स कार्ड काढून मोठं बसवतो." लॅपटॉप परत आला तेव्हा झाकण तेच होतं, आत गाव नव्हतं.

"कार्ड बदलताना डेटा उडतो साहेब, मी काय करू?" असं दुकानदाराचं म्हणणं.

"दुसरी प्रत?" मी बाईंना विचारलं.

"लई जुनी हाय. त्यात नुसती वेस आन् पार."

हवालदार त्या रस्त्यावर विकल्या गेलेल्या जुन्या लॅपटॉपांची चौकशी करू लागले. काही दिवसांनी मुलींचं वसतिगृह चालवणाऱ्या एका बाईंचा फोन आला; सगळे त्यांना आपा म्हणत.

"साहेब, तुमची माणसं लॅपटॉप विचारून राहिलीत ना? माझ्याकडं किनवटची पोरगी हाय. तिच्या वडलांनी त्याच रस्त्यावरनं जुना घेऊन दिला. जेवणं झाली की समद्या पोरी त्यातल्या एका गावात फिरून राहिल्यात. घरची याद येती म्हणत्यात."

दुकानदाराला बोलावण्याआधी मी तंत्रनिकेतनातल्या एका प्राध्यापकांना बाईंचा लॅपटॉप दाखवला. ते म्हणाले, "बहुतेक लॅपटॉपांत ग्राफिक्सची चिप मुख्य बोर्डावरच सोल्डरने पक्की डाखलेली असते. टेबलावरच्या संगणकासारखं कार्ड काढलं, दुसरं खोचलं, असं होत नाही. मोजक्या महागड्या मशीनमध्ये ते सुटं असतं, पण हा त्यातला नाही. यात चिप बदलायची म्हणजे अख्खा बोर्ड बदलायचा."

खोटं बोलणाऱ्याला मध्ये अडवू नये. त्याला बोलू द्यावं. मी दुकानदाराला चहा दिला आणि काम कसं केलं ते विचारलं. त्याने रंगवून सांगितलं. जुनं कार्ड दुकानात ठेवलंय म्हणाला, आणि माणूस पाठवून आणवलंही. पंख्याचं, जाडजूड कार्ड. मी ते बाईंच्या मिटलेल्या लॅपटॉपशेजारी ठेवलं. कार्ड लॅपटॉपच्या दुप्पट जाड होतं.

"हे यातनं निघालं?"

त्याने चहाचा कप खाली ठेवला. "न्हाई, साहेब."

मग सगळं बाहेर आलं. किनवटच्या गिऱ्हाइकाला चांगल्या ग्राफिक्सचा लॅपटॉप हवा होता. याने बाईंचा बोर्ड डिस्कसकट त्याच मॉडेलच्या दुसऱ्या सांगाड्यात घातला आणि बाईंच्या सांगाड्यात हलका बोर्ड बसवून दिला. डिस्क पुसायचा तेवढा आळस केला.

पंचनाम्यासाठी ती मुलगी लॅपटॉप घेऊन आली. आपल्यालाच पकडतील या भीतीने रडवेली झालेली. बाईंनी तिला शेजारी बसवलं आणि लॅपटॉप सुरू केला. प्राध्यापकांनाही बोलावलं होतं; आम्ही सगळे मागे उभे. वेस आली, लिंबाची सावली सरकली, दगडी भिंती, माळवदं, एका उंबऱ्यावर पालथी घागर. पडद्यावर ऊन इतकं निवांत होतं की ठाण्यातला वायरलेसचा आवाजही लांबून आल्यासारखा वाटला.

"बाई, यात माणसं का न्हाईत?" मुलीने विचारलं.

"चेहरे नीट आठवत न्हाईत गं. खोटे काढवत न्हाईत."

गाव पुन्हा अडखळलं. प्राध्यापक हळूच म्हणाले, "बाई, यात मोठं कार्ड बसणारच नाही. झाडांची पानं जरा कमी करा, सुरळीत चालेल."

बाई पडद्याकडेच बघत होत्या. "सर, एकदा समदं गेलंय. आता माझ्या हातानं पान कमी करू?"

कोर्टाच्या आदेशाने लॅपटॉप बाईंना मिळाला. दुकानदाराला मुलीच्या वडिलांचे पैसे परत करावे लागले. बाईंनी पुढे कार्ड बदलता येईल असा टेबलावरचा संगणक घेतला, असं कानावर आलं.

नोकरीत मोठमोठे गुन्हे उघडकीला आणले. पण फिर्याद घ्यायला मी या प्रकरणात शिकलो. त्यानंतर कुणी हरवलेली वस्तू सांगायला आलं की मी मेक, मॉडेल, रंग लिहून घेई आणि मग विचारी, "त्यात काय होतं?" उत्तराला वेळ लागे. तोवर मी पेन खाली ठेवून बसत असे.