उघड्या फोल्डरातला पाळणा

अगं ए शहाणे, फोन वाजतोय हे कळतं ना तुला? किती वर्षं आत्यापुढे असं तोंड फिरवून बसणार आहेस? आज सगळं लिहितेच. मधेच टाकून देऊ नकोस.

तेव्हा मी जर्मनीत कार्ल्सरूहेला लेकाकडे होते. त्याची पीएचडी चाललेली. खोलीत एक कॉम्प्युटर दिवसरात्र घुंघुं करायचा, त्याला हात म्हणून लावायचा नाही. मला संशय आलाच.

"काय रे, चोरीची गाणी उतरवतोस? पोलीस येतील दारात."

"नाही गं आई. लोक एकमेकांना फायली देतात, मधे दुकान नाही की दुकानदार नाही. माझा प्रोग्राम एकेका कॉम्प्युटरला विचारतो, तुझ्याकडे काय आहे, तुझे शेजारी कोण. मग त्या शेजाऱ्यांकडे जातो. पीएचडीसाठी नुसती नावं टिपतो, उचलत काही नाही."

"दुसऱ्यांची कपाटं बघत फिरायचं, आणि वर म्हणे उचलत नाही!"

"बरं, बरं. पण दार त्यांनीच उघडं ठेवलंय ना?"

मला काही पटलं नाही. चहा द्यायच्या निमित्ताने मी त्याच्या मागे जाऊन उभी राहायचे. दुकानांच्या पाट्या वाचून वाचून इंग्रजी अक्षरं लावायला शिकलेली मी. पडद्यावर नावं सरकत होती, सिनेमे, गाणी, आणि मधेच 'आत्याचा पाळणा', पुढे तुझ्या लेकीचं नाव! खाली 'बारसं', 'बाळाची आंघोळ', 'पासपोर्ट'. तुमच्या घरी, कायझर्सलाउटर्नला, तिच्या बारशात मी स्वतः जुळवून म्हटलेला पाळणा तो, दुसऱ्या कुणाकडे असणार?

"अरे थांब, ही आपलीच पोरगी!"

तो वाकला. "आल्झो, म्हणजे... गाण्यांचा फोल्डर द्यायचा, तर हिने अख्खी डिस्कच वाटायला ठेवलीय."

"कुणी नेलं असेल का रे?"

त्याने शोधलं. "या फेरीत तरी दुसऱ्या कुणाकडे दिसत नाही. पण जे कॉम्प्युटर बंद होते, ते मला दिसतच नाहीत."



तुला लगेच फोन केला. तू सगळं बंद केलंस. मागून जावई बोलले ते ऐकलं मी, "विचार की, तुझा भाऊ आपल्या घरात कशाला डोकावत होता?"

तू विचारलंस, "आत्या, दादाने काय काय बघितलं?"

"नुसती नावं गं," मी म्हटलं. तुला खरं वाटलं नाही. कसं वाटणार? मीही त्याला हेच विचारलं होतं, आणि मलाही खरं वाटलं नव्हतं. तुमची नावं त्याने माझ्यादेखत पुसली. पण पुसली म्हणजे खरंच गेली का, ते मला काय कळतंय!

तेव्हापासून तुझं येणं नाही, बोलणं नाही. हे असलं फोनवर सुटायचं नाही. त्याला समोर बसवते, हवं ते विचार, उलटसुलट विचार. मी तुझ्या बाजूला बसेन, त्याच्या नाही. जावयांना आण, लेकीला आण, ती जर्मनमधून उत्तरं देईना का. पण ये गं, लवकर ये.