शिवदाराने बसवलेली खिडकी

माझ्यासारख्या उतावळ्या माणसाने देवाधर्मावर काही लिहायला घेतलंय, हे कळलं तर माझी बायको आधी पोटभर हसेल. आम्ही लिंगायत, आमच्या घरात रोज सकाळी इष्टलिंगाची पूजा होते. लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, विभूती लावायची, फूल वाहायचं आणि मग थोडा वेळ त्याच्याकडे एकटक बघत गप्प बसायचं. यातलं शेवटचं मला कधीच नीट जमलं नाही. मागच्या साली अप्पा, म्हणजे माझे वडील, गेले, तेव्हापासून तर अजिबातच नाही. अप्पा अंथरुणाला खिळलेले असताना मी जन्मात पहिल्यांदा मनापासून काहीतरी मागितलं होतं, आणि ते मिळालं नाही. त्यानंतर पूजा चालू होती, पण हातात लिंग आणि कान फोनकडे, अशी. फूल वाहिलं की मी उठायचो. कुणी ऐकणारं आहे की नाही याचीच शंका असली, तर बसून राहायचं कशासाठी, असं मला वाटायचं. ही शंका मी घरात कुणालाच बोलून दाखवली नव्हती.

कारंजा धरणाच्या पाण्यात माझी लहानशी मोटरबोट आहे. फायबरची, वर बसकं छत, दोन्ही बाजूंना एकेक खिडकी. डाव्या खिडकीखाली माणूस आडवा होईल एवढा लांब बाक आणि उजवीकडे बॅटरी, इंधनाचे डबे, दोरखंड. पलीकडच्या काठावरच्या गावांना रस्त्याने जायचं तर धरणाला मोठा वळसा पडतो, म्हणून लोक माझ्या बोटीने जातात. माघातल्या एका सकाळी इंजिन काही केल्या सुरू होईना. माणसं खोळंबलेली, एक जण सारखा घड्याळ बघत होता. माझं डोकं फिरलं आणि मी हातातला पाना भिरकावला. तो थेट डाव्या खिडकीवर बसला आणि काचेला या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तडा गेला. घरी येऊन मी सांगितलं, की पाणकावळा धडकला. बिचाऱ्या पाखरावर आळ घेऊन मी मोकळा झालो. काच बदलायची ती आज बदलू, उद्या बदलू करत राहिली आणि मधला एक तुकडा निखळून पाण्यात पडला.

आणि मग पलीकडून मावसभावाचा फोन आला. अव्वाची, म्हणजे माझ्या आईची, थोरली बहीण त्या काठावर राहते. आम्ही तिला दोड्डव्वा म्हणतो. तिने दोन दिवसांपासून अन्न सोडलं होतं आणि सारखं एकच विचारत होती, तंगी कधी येणार. तंगी म्हणजे धाकटी बहीण, म्हणजे आमची अव्वा. इकडे अव्वाच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन तीनच दिवस झालेले. डॉक्टरांनी बजावलं होतं, की धूळ नको, वारा नको, डोळ्यात पाण्याचा थेंबही जायला नको. रस्त्याने न्यावं तर नुसती धूळ आणि खड्डे. बोटीने वीस मिनिटांचं काम. पण त्या दिवसांत वारा नेमका डावीकडून असायचा आणि फुटक्या खिडकीतून पाण्याचा फवारा सरळ बाकावर यायचा. मी खिडकीला प्लास्टिक ताणून बांधून पाहिलं. पहिल्याच फेरीत ते फाटून फडफडायला लागलं. अव्वा काळा चष्मा लावून ओसरीवर बसली होती. ती एवढंच म्हणाली, “मला अक्काकडं न्यायलास का न्हाई, ते सांग. न्हाई म्हणालास तर मी चालत जातो.” आमच्याकडच्या बायका चिडल्या की बापयासारख्या बोलतात. मी म्हणालो, “उद्या सकाळी न्हेतो.” मी शब्द देऊन बसलो, पण खिडकी तशीच होती.

जुनी काच काढून, गोणपाटात गुंडाळून मी मोटारसायकलवर भालकीला गेलो. दुकानदार म्हणाला, साधी काच इंजिनाच्या हादऱ्याने पुन्हा फुटेल, त्यापेक्षा अॅक्रेलिकची घे, ती तडकत नाही, पण चरा मात्र लवकर पडतो. जुन्या काचेच्या मापाने त्याने ती कापून दिली. दुपारपर्यंत मी काठावर परत आलो आणि गुडघाभर पाण्यात उभा राहून कामाला लागलो. खिडकीच्या भोकाला काचेसोबत एक जाड रबरी पट्टी बसते. तिच्या आतल्या खाचेत काच आणि बाहेरच्या खाचेत बोटीची भिंत, असा तो मामला. एक कोपरा बसवावा तर दुसरा निसटायचा. मी मुठीने ठोकलं, गुडघा लावला, पान्याच्या दांड्याने रबर उचकटून पाहिलं. काचेवरचा संरक्षणाचा कागद तर मी कधीच फाडून टाकला होता, कारण धीर कुणाला होता? आमच्या गळ्यात इष्टलिंगाची चांदीची डबी असते, तिला करडगी म्हणतात. मी वाकलो की ती पुढे यायची आणि काचेवर आपटायची. आणि शेवटी झालंच. नव्या कोऱ्या काचेवर तिने वीतभर लांब चरा ओढला. मी करडगी हिसकून पाठीवर टाकली आणि मोठ्याने ओरडलो, “तू तरी बाजूला हो की!” असलं बोलणं अप्पांनी ऐकलं असतं तर त्यांना काय वाटलं असतं, या विचाराने मला लगेचच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“कुणाला म्हणायलाव?” मागून आवाज आला. काठावर एक साठीच्या पुढचे गृहस्थ उभे होते. पांढरा शर्ट, खांद्याला पिशवी. त्यांनी “जय भीम” म्हटलं, मी ओल्या हातानेच नमस्कार केला. ते मूळचे ठाणाकुशनूरचे, पलीकडे लेकीकडे निघाले होते. मी तोडून टाकलं, “बोट बंद हाय काका. आज न्हाई सुटायची. उद्याचं बी ठाव न्हाई.” दुसरा कुणी असता तर कपाळाला आठ्या घालून गेला असता. यांनी पिशवी खाली ठेवली, गोणपाटावरची जुनी काच उचलून उन्हात धरली, तड्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, “ही आतून फुटलीय.” मी काही बोलायच्या आधीच त्यांनी सांगून टाकलं, की सरकारी बसच्या डेपोत त्यांनी तीस वर्षं काचाच बसवल्या, बाहेरचा दगड आणि आतला राग त्यांना तड्यावरून कळतो. मग मी खरं सांगितलं. दोन महिने ज्या गोष्टीवर मी पाणकावळ्याचं पांघरूण घातलं होतं, ती एका अनोळखी माणसाला सांगताना मला हायसं वाटलं. अव्वाच्या डोळ्याचं आणि दोड्डव्वाचंही सांगून झालं. त्यांनी पँट गुडघ्याच्या वर दुमडली. “कामून एवढा जोर लावायलाव? रबराला जोर चालत न्हाई. दोरी लागती.”

युक्ती अशी होती. रबर आधी काचेभोवती चढवायचं, त्याच्या बाहेरच्या खाचेत चारी बाजूंनी एक दोरी दाबून ठेवायची, साबणाचं पाणी लावायचं आणि काच बाहेरून भोकावर टेकवायची. मग बोटीत बसलेल्याने दोरीचं टोक धरून हळूहळू ओढत जायचं, म्हणजे रबराचा ओठ जागच्या जागी उलटून भिंतीवर बसतो. साबणाची वडी बोटीत होती. जाळ्याची नायलॉनची दोरी लावली तर ती जुन्या रबरात रुतून ते चिरायला लागली. सुतळी लावली, ती भिजून अर्ध्यातच तुटली, आणि अर्धी बसलेली काच पुन्हा बाहेर आली. ऊन कलायला लागलं होतं. पुन्हा गावात जाऊन दुसरी दोरी हुडकून आणावी तर कुठल्या दुकानात काय मिळेल याचा नेम नाही. काका म्हणाले, “सुती पायजे. बारीक, पिळाची, तेल पिलेली.” हे म्हणताना त्यांची नजर माझ्या गळ्यावर गेली आणि त्यांनी ती लगेच दुसरीकडे वळवली. मलाही तेव्हाच कळलं.

करडगी ज्या दोऱ्यात अडकवलेली असते त्याला शिवदार म्हणतात. माझा शिवदार दुपदरी, सुती, वर्षानुवर्षं अंगाचं तेल मुरलेला. उलगडला तर चांगला वावभर, म्हणजे दोन्ही हात पसरल्याएवढा, भरला असता, आणि खिडकीचा घेर तेवढाच होता. पण तो गळ्यातून काढायचा? जन्मल्यावर बांधतात ते लिंग मरेपर्यंत अंगावरून उतरवत नाहीत. हा झाला पहिला विचार. दुसरा सांगायला लाज वाटते, पण लिहायला बसलो आहे तर लिहितोच. तो शिवदार कुणाच्या हातात जाणार, असंही माझ्या मनात येऊन गेलं. जातपात मोडायला निघालेल्या शरणांचा वारसा सांगणारे आम्ही, व्यासपीठावर सगळी माणसं सारखी म्हणणारे. आणि दुपारपासून मी अडलेलो असताना हा एकच माणूस माझ्यासाठी पाण्यात उतरला होता, आणि मी त्याच्या हातांची जात मोजत होतो. माझी मलाच शिसारी आली. मी गाठ सोडायला लागलो तसे काकाच म्हणाले, “ऱ्हाऊ द्या अण्णा. मी देव मानत न्हाई, पण तुमचं मोडायचं न्हाई मला.” मी म्हणालो, “मोडत न्हाई काका. कामालाच लागायलंय.” आमच्यात कामालाच कायक म्हणतात, आणि कायक हीच पूजा असं मानतात. हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आलो होतो, स्वतः कधी वापरलं नव्हतं. काकांनी ग्रीसचे हात पाण्यात घासून धुतले, आपल्याच शर्टाला पुसले आणि मगच शिवदार घेतला.

आता प्रश्न लिंगाचा होता. गळ्यात दोरा नाही आणि खाली ठेवायचं नाही. मी करडगी उघडून लिंग डाव्या तळहातावर घेतलं, कारण त्याला धरायची दुसरी रीत मला ठाऊकच नाही. तसाच पाण्यात बोटीच्या बाहेरून उभा राहिलो आणि उजवा तळहात काचेवर टेकवला. काका आत बाकावर बसले. सवयीने मी जोर लावला, तर आतून त्यांचा आवाज आला, “दाबू नगा. नुसता हात ठेवा. मी म्हणतो तवर हलू नगा.” जन्मात मला कुणी एवढं अवघड काम सांगितलं नव्हतं. एका हातात लिंग, दुसरा काचेवर. फोन खिशात वाजत होता तरी घेता येईना, माशी कानाशी आली तरी हाकलता येईना. पहिल्यांदा जीव नुसता कासावीस झाला. अव्वा, दोड्डव्वा, उद्याची सकाळ, अप्पांचे शेवटचे दिवस, सगळं डोक्यात एकदमच गर्दी करून आलं. बघायला दुसरं काही नव्हतं म्हणून मी तळहाताकडे बघत राहिलो. आत काका एकेक बोट अंतर दोरा ओढत होते, थांबून साबणाचं पाणी लावत होते, पुन्हा ओढत होते. रबराचा ओठ बसला की उजव्या तळव्याखाली काच किंचित सरकायची, तेवढं मला कळायचं. हळूहळू डोक्यातला गलबला कमी झाला. मला काही दिसलं नाही, कसला आवाजही ऐकू आला नाही. फक्त कितीतरी महिन्यांनी माझ्या तळहातावर लिंग होतं आणि मला उठून कुठे जायचं नव्हतं. आणि अप्पा गेल्यावरही जे डोळ्यांतून आलं नव्हतं ते तेव्हा आलं. पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून वाहू दिलं.

“बसली,” असं काका म्हणाले तेव्हा मला वाटलं पाच मिनिटं झाली असतील. ते म्हणाले, अर्धा तास झाला. काच चारी बाजूंनी गच्च बसली होती. त्यांनी शिवदार पिळून, झटकून माझ्या हातात दिला. त्याला साबणाचा वास येत होता. मी तो तसाच गळ्यात बांधला. त्या रात्री ते आमच्याकडेच राहिले. अव्वाने त्यांना समोर बसवून ज्वारीची भाकरी वाढायला लावली आणि “तू मला अक्का दाखवायलास,” असं दहा वेळा म्हणाली.

सकाळी वारा होताच. अव्वा डाव्या बाकावर आडवी झाली. लाटांचे फटके नव्या काचेवर बसत होते, पण आत एक थेंबही आला नाही. पलीकडे उतरल्यावर काका “येतो अण्णा” म्हणून लेकीच्या गावाच्या वाटेला लागले. पुढे मी त्यांची बरीच चौकशी केली, पण माझा मूर्खपणा असा की त्यांचं नावच विचारायचं राहिलं होतं. दोड्डव्वाच्या खोलीत उजेड बेताचाच होता. दार वाजलं तसं तिने क्षीण आवाजात विचारलं, “बंद्या, तंगी?” आलीस का गं, एवढाच त्याचा अर्थ. अव्वा तिच्या उशाशी बसली, काळा चष्मा वर केला आणि तोंडाजवळ तोंड नेऊन बघत राहिली. मोतीबिंदूमुळे पाच-सहा वर्षं तिला बहिणीचा चेहरा धड दिसलाच नव्हता. मग ती म्हणाली, “अगं बया, अक्का! तू तर आपल्या अव्वासारखी दिसायलीस!” दोड्डव्वा दात नसलेल्या तोंडाने हसली. अव्वाने चमच्याने पाजलं तेवढं दूध प्यायली. चार दिवसांनी ती गेली, आमच्या भाषेत लिंगैक्य झाली.

देवाने काका पाठवले की काका आपले आपण आले, हे मला ठाऊक नाही, आणि काका तर देवच मानत नव्हते. मला एवढंच कळलं, की मी दाबत होतो तोवर काही बसलं नाही. अप्पांसाठी मागितलेलं का मिळालं नाही याचं उत्तरही मला मिळालेलं नाही. पण आता ते न मिळताही मी बसू शकतो, आणि त्याबद्दल मी ज्याचा कुणाचा ऋणी असेन त्याला माझे शरणार्थ, आमच्यातला नमस्कार. अव्वाला पलीकडे नेलं त्या दिवशी दूध पिऊन झाल्यावर दोघी बहिणी माहेरच्या विहिरीवरून वाद घालायला लागल्या, कोण पहिल्यांदा पोहायला शिकलं म्हणून. अलीकडच्या काठावर माणसं खोळंबली होती, फोनवर फोन येत होते, बोटीची किल्ली माझ्या हातात होती. मी किल्ली खिशात टाकली आणि दोघींच्या पायांशी खाली बसलो.