तळहातावरची चिमूट

आमच्या दुकानात मसाला घेण्याआधी तळहातावर चिमूटभर घेऊन हुंगायची पद्धत होती. तेव्हा चहासुद्धा कागदाच्या पुडीत मिळायचा. मालाला नाव नसायचं, दुकानदाराला असायचं. मग डबे आले, डब्यांवर चित्रं आली, गावाच्या भिंती जाहिरातींनी रंगल्या, आणि लोक हुंगायचे थांबले.

काल आमच्या जुन्या गिऱ्हाईक वहिनींनी नथवाल्या आजीचं चित्र असलेलं पाकीट उचललं. मी म्हटलं, "वहिनी, माझा सुटा मसाला घ्या की. आजच कांडलाय." चिमूट त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी हुंगली आणि मान हलवली.

"राग नका मानू भाऊ, पण या आजीची सर नाही हो तुमच्या मसाल्याला."

त्या पाकिटात माझाच मसाला असतो. कंपनीशी दरासाठी मी तीन दिवस भांडलो, रुपया सोडला नाही. हे कुणाला सांगणार नाही, असं मात्र फुकटात लिहून दिलं. एरवी मी दुकान डोक्यावर घेतलं असतं. काल मुकाट्याने पाकीट पिशवीत घातलं.

वहिनी गेल्यावर मसाल्याचा हात नाकाशी नेला. खरंच काही कमी आहे का, ते बघायला.