आई, बरी, मीठ, परत

हिंगोलीच्या तार ऑफिसात मी नोकरीला लागले तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं. त्या कामातली एक गोष्ट मला कधीच सवयीची झाली नाही. यंत्राची कटकट कानावर पडायची, हात अक्षरं लिहीत जायचा आणि कुणाच्या घरचं माणूस गेलं, हे त्या घराआधी मला कळलेलं असायचं.

एका हिवाळ्यात आमच्या वस्तीतल्या विहारात एक भन्ते मुक्कामाला होते. आईवडील चिनी, घर मलेशियात, पेनांगला. सारनाथला बरीच वर्षं काढल्यामुळे हिंदी चांगलं बोलायचे. एके सकाळी ते खिडकीशी आले. आई आजारी असल्याचं भावाचं पत्र त्यांना फार उशिरा मिळालं होतं. ‘मी येऊ का?’ एवढंच तारेनं विचारायचं होतं. पण फॉर्मवर त्यांनी नुसते आकडे लिहिले होते, चार-चारचे गट करून.

“भन्ते, ये क्या है?”

“चीनी है,” ते म्हणाले आणि झोळीतून एक जाड छापील पुस्तक काढलं. पानोपानी चिनी अक्षरं, प्रत्येकाजवळ चार आकडे. त्यांच्या भाषेत अक्षरं हजारांनी. तारेच्या टिंब-रेघांत ती मावायची कशी? म्हणून एकेका अक्षराला नंबर दिलेला. इकडून नंबर पाठवायचे, तिकडे तसंच पुस्तक उघडून अक्षरं काढायची. आता माझी नात सांगते, की संगणकाच्या पोटातही प्रत्येक अक्षराला नंबरच असतो, चिनी असो की आपला ‘क’. मला त्याचं नवल वाटत नाही.

पोस्टमास्तर मात्र बिथरले. चीनच्या लढाईची धास्ती लोकांच्या मनातून गेलेली नव्हती.

“बाई, ही तार काहून घेऊन राहिल्या? आकड्यात काय लिहिलंय कोणाला ठावं?”

“साहेब, त्यांची आई आजारी हाय.”

“हे तुमाला तारेतून कळलं, का त्यांनी सांगितलं?”

भन्ते शांतपणे उभे होते. त्यांच्याकडे बघून साहेबांनाच कसंतरी झालं असावं. त्यांनी स्वतः परभणीच्या मोठ्या तार ऑफिसला फोन लावला, बराच वेळ बोलले आणि म्हणाले, “चालतंय म्हणतेत. आता बराबर मारा. एक आकडा चुकला, तर भलतंच काही जाईल.”

दोन-तीन दिवसांनी उत्तर आलं. चार गट. मी ते लिहून घेतले आणि कागदाकडे बघत राहिले. कुणाच्या तरी आईची खबर माझ्या हातात होती आणि मला ती वाचता येत नव्हती. मी विहारात निरोप धाडला.

भन्त्यांनी खिडकीतच पुस्तक उघडलं. “माँ.” पानं उलटली. “ठीक.” तिसऱ्या गटाशी थांबले, पुन्हा आकडे ताडून पाहिले. “नमक?” मग चौथा. “लौटना.”

आई, बरी, मीठ, परत. साहेब हसले आणि लगेच आपल्या कागदांत डोकं घालून बसले.

“तिथं ‘जल्दी’ असेल तर जायचं,” भन्ते हिंदीत म्हणाले, “आणि ‘मत’ असेल तर नाही.”

मी तो गट परभणीकडून पुन्हा मागितला. परभणीनं पुढं विचारलं. भन्ते दुपारभर बाकावर बसून राहिले. ऊन उतरल्यावर यंत्र वाजलं. एकच आकडा वेगळा आला. वाटेत तो कुठं बदलला, कळलं नाही.

त्यांनी पान काढलं. “मत.”

“म्हणजे आई बरी हाय, येऊ नको,” मी म्हणाले. “लई चांगलं झालं, भन्ते.”

त्यांनी पुस्तक मिटलं नाही. “हे भावाचे शब्द नाहीत,” ते हळूच म्हणाले. “आईनं सांगितलेले आहेत. ती फार आजारी असली की असंच म्हणते.”

माझी आई आमच्या गावी, साखऱ्याला, एकटी होती. बाजाराला येणाऱ्या प्रत्येकाजवळ तिचा एकच निरोप असायचा: मी बरी हाय, पोरीला म्हणावं येऊ नको, नोकरी सांभाळ. दिवाळीपासून मी तो निरोप खरा मानून बसले होते.

भन्त्यांनी नवा फॉर्म मागितला आणि थोडेसेच आकडे लिहिले. “येतो आहे,” त्यांनी न विचारताच सांगितलं. या वेळी साहेबांनी कागद पाहिलाही नाही. पूर्णेच्या गाडीची वेळ मात्र त्यांनीच विचारून आणली.

त्या रविवारी मी सेनगावची एसटी धरून साखऱ्याला गेले. आई अंगणात तूर निवडत बसली होती. पार वाळली होती.

“काहून आली? सांगितलं होतं न्हाई का, मी बरी हाय म्हणून?”

“व्हय, सांगितलं होतं,” म्हणत मी तिच्याजवळ बसले. दुसऱ्या दिवशी तिला हिंगोलीला डॉक्टरकडे घेऊन आले. पुढं ती माझ्याकडेच राहिली.

भन्ते आमच्या विहारात परत आले नाहीत. पुष्कळ महिन्यांनी नागपूरच्या एका उपासकाकडून कळलं, की ते वेळेत पोहोचले होते आणि त्यांची आई गेली तेव्हा तिच्या उशाशी बसलेले होते.