एअरिंग कपबर्डमधलं फुलपाखरू

२००६ साली मी बर्मिंगहॅमला घरी राहूनच युनिव्हर्सिटीत प्राणिशास्त्र शिकत होते. कॉलेजात गेलेली घरातली मी पहिलीच. बाबा म्हणायचे, "डॉक्टर होशील वाटलं, तू फुलपाखरांची डॉक्टर झालीस." आई माझी बाजू घ्यायची, "तिला त्यातलं काही कळत असेल, म्हणूनच शिकतेय." तिचा हा भरवसा मला फार मोठा वाटायचा.

महापरिनिर्वाण दिनाची वंदना त्या वर्षी आमच्याकडे होती. एरवी थंडगार असणाऱ्या पुढच्या खोलीतला रेडिएटर सकाळीच लावला. पंचशील म्हणून होतंय तोच पडद्यामागून एक नारिंगी फुलपाखरू फडफडत निघालं. वेम्बलीहून आलेले काका म्हणाले, "वहिनी, या पाहुण्यांकडे व्हिसा आहे ना?" सगळे हसले. आई मात्र हात जोडून बघत राहिली.

ही फुलपाखरं पूर्वी झाडांच्या ढोलीत हिवाळा झोपून काढायची. माणसांची घरं वाढली, तशी ती शेडमध्ये, माळ्यावर, रिकाम्या खोल्यांतही शिरू लागली. एवढं त्यांना जमलं. पण खोली तापली म्हणजे वसंत आला असं नाही, हे त्यांना अजून उमगत नाही. जागं राहिलं की अंगातली चरबी संपते, आणि बाहेर तर एक फूल नसतं.

मी त्याला ग्लासमध्ये धरून बागेतल्या शेडकडे निघाले.

"अगं, आत्ता पंचशील घेतलंस ना?" आई म्हणाली. "जिवंत जीव थंडीत टाकतेस?"

"आई, त्याला थंडीच लागते. त्याचं ते... हायबरनेशन असतं."

"म्हणजे काय?"

मी हे सगळं इंग्रजीत शिकले होते. पाहुण्यांसमोर मराठी शब्द सुचेनात. "लेक्चररनी सांगितलंय," एवढंच म्हणाले.

"राहू द्या हो वहिनी, शिकलेली पोर आहे," काकू म्हणाल्या. आई चहा ठेवायला आत गेली, आणि मी फुलपाखरू शेडमध्ये ठेवून आले.

ख्रिसमसच्या सुट्टीत टॉवेल काढायला मी एअरिंग कपबर्ड, म्हणजे कपडे उबदार ठेवायचं कपाट, उघडलं. गरम पाण्याच्या टाकीशेजारी, आईच्या पांढऱ्या साडीच्या घडीवर ते पंख मिटून पडलं होतं. बाजूला बाटलीच्या झाकणात साखरेचं पाणी. वंदनेच्याच संध्याकाळी आईने त्याला शेडमधून उचलून आणलं होतं.

"आधी छान उडायचं गं," ती म्हणाली. "मग एकदम मलूल झालं. शेडमधला गारठा बाधला असेल ना?"

खरं सांगायला मी तोंड उघडलं. या वेळी शब्दही सुचले असते. पण आई ते मेलेलं फुलपाखरू तळहातावर घेऊन, पदराआड धरून उभी होती.

"हो, असेल," मी म्हणाले.

बाबांना ती यातलं काही बोलली नाही. पण पुढे ते माझ्या शिक्षणावरून चिडवायला लागले, की ती माझी बाजू घेण्याऐवजी उठून स्वयंपाकघरात जायची.