दहावीच्या वर्षी कुलपात गेलेला खेळ

बाळांनो, रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, आत्या अजून तोच जुना व्हिडिओ गेम खेळते?" आणि दोघंही हसलात. मागून तुमचा बाबाही हसला. तुम्हाला काही माहीत नाही, पण त्याला सगळं माहीत आहे. त्याच्या हसण्याचा राग आला म्हणून आज लिहायला बसले.

तुमची आत्या पाच वर्षांची होईपर्यंत एक शब्द बोलली नव्हती. एका डॉक्टरांनी चार मिनिटं पाहून 'मतिमंद' लिहून दिलं आणि शाळेनं तो कागद बघून आम्हाला वाटेला लावलं. स्वमग्नता हा शब्द मी फार उशिरा ऐकला. नणंदेचं निदान मात्र तयार होतं: "वहिनी, तुम्ही कॉलेजात इंग्रजी शिकवा. पोरीशी बोलणार कोण?"

इंदिरानगरला राहायला आल्यावर तुमच्या आजोबांनी टीव्हीला जोडायचा गेम आणला, दोन रिमोट आणि एक कॅसेट. आणला होता तुमच्या बाबासाठी. आत्या पंधरा दिवस नुसती बघत होती. मग तिनं रिमोट घेतला. त्या खेळात एका जागी उडी मारली की दर वेळी तेच घडायचं. माणसं अशी वागत नाहीत. तिची लाइफ गेली की ती रिमोट खाली ठेवून भावाला म्हणायची, "आता तू." आपणहून कुणाशी बोललेले तिचे ते पहिले शब्द.

त्रास नव्हता असं नाही. मधेच वीज गेली की ती स्वतःचा हात रक्त येईपर्यंत चावायची. जेवायला उठवलं तर किंचाळायची.

मग तुमच्या बाबाची दहावी आली. दहावीच्या वर्षी केबल काढायची, हा आमच्याकडचा नियमच. न काढणाऱ्या आईकडे लोक वाईट नजरेनं बघत. जूनमध्ये मी केबल काढायला लावली, टीव्हीवर चादर घातली आणि गेम लोखंडी कपाटात कुलपात ठेवला.

"अगं, तिची कुठं दहावी आहे?" आजोबा म्हणाले. "आवाज बंद करून खेळेल."

"घरात नियम एकच," मी म्हणाले.

ती रोज संध्याकाळी कपाटासमोर बसून कपाटाला म्हणायची, "आता तू." दिवाळीपर्यंत म्हणत होती. मग गप्प झाली ती गप्पच. निकालाला पेढे वाटले तेव्हा नणंद म्हणाली, "शिस्त असावी तर अशी!" तो पेढा तिच्या तोंडावर फेकायला हवा होता. त्याहून जास्त मला माझीच चीड येते.

त्या संध्याकाळी कपाट उघडलं. ती एकटीच खेळायला लागली. दुसरा रिमोट तिनं भावाला दिला नाही. त्यानंही मागितला नाही. तो कॉलेजात रमला. मग मी तिच्या शेजारी बसायला लागले. तीन वर्षं रोज पाच वाजता बसले, तेव्हा एकदा तिनं रिमोट खाली ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "आता तू." मी पहिल्याच खड्ड्यात पडले.

तुमच्या बाबाला ती ते पुन्हा कधीच म्हणाली नाही. त्यानं हसू नये.

गेम अजून चालतो. एका रिमोटला चिकटपट्टी लावली आहे, तो माझा. पाच वाजता आम्ही दोघी खेळतो.