सुषमाताईंची सिलिकेटं

कारंजा गावच्या ढाब्यावर चहा घेत होते, तेव्हा मनोहररावांचा फोन आला. "तुही ताई गेली," एवढंच म्हणाले.

सुषमाताई आमच्या कॉलेजात भूविज्ञान शिकवायच्या, मी मराठी. सख्खं नातं नव्हतं, पण मनोहरराव, म्हणजे त्यांचे यजमान, मला त्यांची धाकटी बहीणच समजायचे. सिलिकेट खनिजांचा तास ताई मैदानावर घ्यायच्या आणि मी तो स्टाफरूमच्या खिडकीतून बघायची. प्रत्येक मुलगी म्हणजे एक सिलिकॉन, भोवती चार ऑक्सिजन; शेजारणीचा हात धरला की मधला ऑक्सिजन दोघींचा. एकेकटी उभी राहिली की गार्नेट, सहा जणींनी हात धरून कडं केलं की बेरील, लांब साखळी म्हणजे पायरॉक्सीन. अभ्रकाचा पापुद्रा करायला प्रत्येकीला तिसरा हात लागायचा, मग ओढण्या कामी यायच्या. क्वार्ट्झला तर चारही बाजूंनी धरायचं! एकदा त्यांनी मलाच हाक मारली, "पाहून काऊन राह्यल्या? इकडं या, हात कमी पडून राह्यले." मी गेले. दगडाच्या रंगावर जाऊ नका, आत कोण कोणाला कसं धरून आहे ते बघा, असं त्या मुलींना सांगत होत्या.

गेल्या वर्षी त्यांना पक्षाघात झाला आणि बोलणंच गेलं. ओळखीच्या वस्तू हातात द्या, असं डॉक्टर म्हणाले, म्हणून मनोहररावांनी त्यांचे दगड पलंगावर मांडले. ताई बराच वेळ बघत राहिल्या... मग डाव्या हाताने ओळ लावू लागल्या. गार्नेट, बेरील, पायरॉक्सीन, अभ्रक आणि शेवटी गिरडच्या टेकडीवरचा गोल झिओलाइट, क्वार्ट्झसारखाच आतून चारही बाजूंनी जोडलेला. एकाचंही नाव सांगता येत नव्हतं, पण क्रम बरोबर होता. पुढे रोज संध्याकाळी त्या दगड मिसळून मनोहररावांपुढे सरकवायच्या. जन्मभर कचेरीत कारकुनी केलेले मनोहरराव या वयात सिलिकेटं शिकले. एकदा त्यांनी अभ्रक पायरॉक्सीनच्या साखळीच्या आधी ठेवला, तेव्हा ताई स्पष्ट म्हणाल्या, "नाई." आजारानंतरचा त्यांचा तो पहिला शब्द. त्या दिवसापासून अभ्रक रोज चुकू लागला. मी विचारलं, तर मनोहरराव हसून म्हणाले, "तिचा आवाज आयकाले भेटते ना."

ताई गेल्यानंतर, मागच्या आठवड्यात मी मनोहररावांना भेटायला गेले. खिडकीत दगडांची ओळ लावलेली होती, अभ्रक साखळीच्या आधी. तो उचलून जागेवर ठेवायला मी हात पुढे केला.

"राहू दे," मनोहरराव म्हणाले.